अर्धं झाकण

भांडुप (प.)
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मधुवंती हिस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर तू 'वहिनींना, आपल्या स्वयंपाकघराची आठवण म्हणून' असं लिहिलं आहेस. मला त्या स्वयंपाकघराची आठवण कशाला लागते गं? मी त्यातच उभी आहे. कालही होते, उद्याही असेन. आठवण सोडून गेलेल्यांना लागते.

आईंच्या तेराव्याला आपलं जे झालं, त्यानंतर तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पत्राबद्दल काही ठरवलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. भांडुप आणि मुलुंडच्या मधे एकटं नाहूर आहे, तरी पोस्टाला चार दिवस लागतील. तेवढ्यात माझा राग थंड होईल, नाहीतर वाढेल.

मुखपृष्ठ छान आहे. 'रत्नप्रभाबाईंची चूल', खाली 'एका मालवणी सासूचं स्वयंपाकघर' आणि त्याखाली तुझं नाव, सासूच्या नावाएवढ्याच अक्षरांत. चूल मात्र कुठून आणलीस? मामंजी गिरणीत लागले आणि आई कुडाळहून इथे आल्या तेव्हापासून त्यांच्यासमोर रॉकेलचा स्टोव्ह होता, मग गॅस आला. चुलीचा धूर सोसत नाही म्हणून त्या गणपतीला गावी जायलाही कुरकुर करायच्या. पण लोकांना चूल आवडते, हे तुम्हा शिकलेल्यांना बरोबर कळतं.

फोटोतल्या तिखल्यावर कोथिंबीर पेरली आहे. बांगड्याच्या तिखल्यावर कोथिंबीर! आईंनी पाहिलं असतं तर प्लेट उचलून तुझ्या त्या फोटोवाल्याच्या हातात दिली असती. तुला कसं कळणार म्हणा. मासा ताटात आला की तू खुर्ची सरकवून खिडकीपाशी जायचीस. मुलुंडच्या वरणभाताच्या घरातली मुलगी मालवणी माशांचं पुस्तक लिहिते आणि लोक विकत घेतात. कमाल आहे.

आणखी एक. प्रत्येक पाककृतीच्या शेवटी तू लिहिलं आहेस: 'गॅस बंद करून झाकण अर्धं ठेवावं आणि दहा मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेर जावं.' खाली टीप दिली आहेस की ही मुरण्याची वेळ आहे, आई या वेळात तुळशीला पाणी घालत. ही आईंची रीत नव्हे. मी लग्न होऊन आले ते नव्याण्णव साली. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं जेवण ताटात पडेपर्यंत त्या भांड्यासमोरून हलल्या नाहीत. हे झाकण आणि तुळस शेवटच्या दोन वर्षांतलं आहे. तू तेवढंच पाहिलंस आणि तेच छापलंस.

पान अकरावर माझाही उल्लेख आहे. शोधावा लागला. 'आमच्या नलिनीवहिनी भाजी निवडून देत.' वाचून बरं वाटलं. सव्वीस वर्षांत मी भाजी निवडली, हे आता साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

सुबोधभावजींना नमस्कार. त्यांना पित्त होतं, त्यांना तुझ्या पुस्तकातलं फार करून घालू नकोस.

तुझी जाऊ,
नलिनी

—

रविवार, ९ नोव्हेंबर

मधू,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. लिहून तांदळाच्या डब्यात ठेवीन. पहिलं टाकलं, तरी बोलायचं थांबवत नाही. घरात कुणाशी बोलू? दिशाचे बाबा म्हणतात, "सोड ना आता, लिहिलं तिने पुस्तक, तुझं काय गेलं?" माझं काय गेलं हे त्यांना समजावायचं म्हणजे त्यांना पुन्हा लग्नापासून सांगायला हवं.

आज तुझ्या पुस्तकातून तिखलं केलं. डोळ्यांना चष्मा, ओट्यावर पुस्तक, हातात मापाचे चमचे. दिशाचे ते केक करायचे चमचे घेतले, कारण तू सगळं चमच्यांत दिलं आहेस. एक ओळ इकडची तिकडे केली नाही. सहा तिरफळं, बिया काढून, ठेचून. कोकमाची तीन सोलं. मीठ सपाट एक छोटा चमचा. आणि मग झाकण अर्धं ठेवून मी खरंच बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले, परीक्षेच्या हॉलबाहेर उभं राहावं तशी.

दिशाचे बाबा एक घास खाऊन म्हणाले, "आज काय झालंय? फिकं लागतंय. तुझं बीपी वाढलंय का?"

दिशा म्हणाली, "मम्मी, सिरियसली, ही आजीची टेस्ट नाहीये."

मधू, मला इतका आनंद झाला की मी ते फिकं तिखलं दोनदा वाढून घेतलं.

मग दिशाने फोनवर दाखवलं, तुझ्या पुस्तकाखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते. एक बाई गिरगावची, म्हणे फोटो सुंदर, पण सांबार सपक झालं. दुसरी म्हणते, सगळ्यात मीठ आणि आंबट कमीच पडतं, बहुतेक लेखिकेने तब्येतीचा विचार केला असावा. तिसरा कुणी मालवणचाच, त्याने सरळ लिहिलंय: 'ही मालवणी सासू की हॉस्पिटलची सासू?' मी दिशाला म्हटलं, असं हसू नये. आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

ते फिकं का होतं, ते जगात एकट्या मला माहीत आहे. तुलाही नाही. दिशाच्या बाबांनाही नाही. डब्यात ठेवायचंच आहे तर लिहूनच टाकते.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात आईंना कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, सगळे म्हणाले म्हातारी कणखर. पण चव आणि वास गेले ते परत आलेच नाहीत. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते मे महिन्यात. काळ्या वाटाण्यांच्या सांबाराचं वाटप, वाटलेलं खोबरं, रात्रभर ओट्यावर राहिलं होतं, ते आंबलं होतं. मला दारातून वास आला. आईंनी बोटाने चाटून पाहिलं, मान हलवली आणि ते सगळं कढईत ओतलं.

मी काय केलं ठाऊक आहे? फडक्याने कढई उतरवताना हातातून सोडली. ओट्यावर, जमिनीवर, सगळीकडे सांबार. तू धावत आलीस ना, लॅपटॉप तसाच टाकून? आई तुझ्यासमोर मला म्हणाल्या, "तुका कढई धरूक येना नाय? सव्वीस हजार वेळा सांगितलंय." तू मला हळूच म्हणालीस, "वहिनी, राहू द्या, मी पुसते." तुझ्या त्या दयेचा मला आईंच्या बोलण्याहून जास्त राग आला होता.

त्यानंतर आईंचा हात आखडला. मीठ घालताना चिमूट घ्यायच्या आणि अर्धी परत डब्यात टाकायच्या. जास्त झालं तर काढता येत नाही ना. सोलं मोजून दोन-तीन. तू तेव्हा घरून काम करायचीस, दुपारी सुटलीस की उंबऱ्यावर वही घेऊन बसायचीस. आई मूठ उघडायच्या आत तू खाली चमचा धरायचीस, किती मीठ पडलं ते मापायला. बरोबर मापलंस तू. चूक तुझी नाहीच. ज्या बाईला चव कळत नव्हती, तिच्या भीतीचं माप तू अगदी बरोबर घेतलंस.

आणि जेवायला बसल्यावर सगळं झकास का लागायचं? कारण भांडं गॅसवरून उतरलं की आई तुळशीला पाणी घालायला गॅलरीत जायच्या आणि तू वही मिटून तोंड धुवायला. तेवढ्या वेळात मी मीठ घालायचे. दोन सोलं जास्त टाकायचे. कधी मसाला तेलात परतून वरून. चोरासारखी, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात अंगाला चिकटवून. दोन वर्षं, दोन वेळचं. माझं नशीब की आईंना तुळशीचं वेड लागलं होतं. दिवसातून तीन-तीनदा पाणी. तीन रोपं कुजली त्या कुंडीत, तरी त्यांचं पाणी चालूच.

ज्या दिवशी मी या घरात आले, त्या दिवशीच्या डाळीत मीठ जास्त झालं होतं. आई म्हणाल्या, "गो नलू, तुझो हात जड. मीठ घालूचा तुझा काम न्हय." तेव्हापासून बावीस वर्षं मला मिठाच्या डब्याला हात लावायची मुभा नव्हती. मी मासे साफ केले, वाटण वाटलं, भांडी घासली आणि हो, भाजी निवडली. मला त्यांनी एका पदार्थाची रीत शब्दांत सांगितली नाही. तुला मात्र 'मधू बाळा' म्हणून जवळ बसवून गावच्या गोष्टींसकट सगळं. तुझ्याशी तर त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. मी आतून ऐकत असायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. जळत होते मी तुझ्यावर. अजूनही जळते. मांडीवर घेऊन शिकवल्यासारखं शिकवलं तुला, आणि तू त्यातला एक मासा तोंडात घातला नाहीस.

तेराव्याला नातेवाइकांसमोर तू म्हणालीस, "आईंची चव माझ्या वहीत आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "नाक दाबणारीच्या वहीत चव कुठून येणार?" तू रडलीस, भावजी ताटावरून उठले, महिन्याभरात तुम्ही तुझ्या माहेराजवळ घर घेतलंत. मला त्या दिवशी खरं तर ओरडून सांगायचं होतं की ती चव माझ्या हाताची होती. पण हार घातलेल्या फोटोखाली बसून, आईंना चव कळत नव्हती, असं कसं म्हणायचं?

म्हणून हे डब्यात.

—

सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. सौ. मधुवंती हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं आमंत्रण दिशाकडून पोचलं. तीस तारखेच्या रविवारी मुलुंडच्या महिला मंडळाच्या मालवणी मेळ्यात तू स्टेजवर तिखलं करून दाखवणार आणि दोनशे जणींना वाटीवाटी चाखायला देणार, हे ऐकून आनंद झाला. मासा साफ कोण करणार? हातमोजे घाल.

मला पहिल्या रांगेत बसायला बोलावलंस त्याबद्दल आभार, पण यायला जमेलसं वाटत नाही. गुडघे दुखतात. शिवाय पहिल्या रांगेतल्या माणसाला टाळ्या वाजवाव्या लागतात.

तू दिशाला विचारलंस की मम्मीने पुस्तकातलं काही करून पाहिलं का. अजून वेळ झालेला नाही.

तुझी जाऊ,
नलिनी

—

शनिवार, २२ नोव्हेंबर

मधू,

हेही डब्यातलं.

कुरिअरने तुझी वही आली. ती निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्याला हळदीचा डाग असलेली. सोबत तुझी चिठ्ठी. मी ती पाच वेळा वाचली, अजून विश्वास बसत नाही. तू लिहितेस:

'वहिनी, लोक म्हणतात सगळं फिकं होतं. मी आईंचं माप एक कणही बदललं नाही. माझ्या घरी सांबार केलं तर मलाही आपल्या घरासारखं लागत नाही, पण माझं काय चुकतंय ते कळत नाही. माशांचं तर मी सांगूच शकत नाही. दुसरी आवृत्ती डिसेंबरात छापायला जाते आहे आणि तीस तारखेला दोनशे मालवणी बायकांसमोर उभं राहायचं आहे. माझी वाट लागणार, हे मला दिसतंय. मूळ वही पाठवते आहे. तुम्ही तपासाल का? तुम्ही सांगाल तसं बदलते. दुसरं कोणाला विचारू?'

ही चिठ्ठी मी दिवसभर ब्लाऊजमध्ये ठेवून फिरले. बाजारात कोळणीने जास्त भाव सांगितला तरी हसले. तू मला विचारलंस! आता माझ्या हातात सगळं आहे. गप्प राहिले तर तीस तारखेला तुझी फजिती होणार, आणि मी ती घरी बसून दिशाच्या फोनवर बघणार. बोलले तर माझी अट घालून बोलणार. मुखपृष्ठावर माझं नाव. 'भाजी निवडून देत' नव्हे. तुझ्या नावाच्या आधी आणि तुझ्याहून मोठ्या अक्षरांत.

अटीचं पत्र लिहायलाही घेतलं. 'तुझी मापं चुकली नाहीत, आईंना चव नव्हती, तुम्ही सगळे दोन वर्षं माझ्या हातचं जेवत होतात.' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. हे खरं सांगितलं की मला मान मिळेल. पण रत्नप्रभाबाईंच्या चुलीसमोर बसलेली बाई चाचपडत होती, हेही छापून येईल. त्या बाईकडे दुसरं होतं काय? शिक्षण नाही, नवरा गिरणीच्या संपानंतर अबोल झालेला, अंगावर दोन बांगड्या. चाळीपासून या बिल्डिंगपर्यंत कुणी तिला ओळखलं असेल तर तिच्या हाताच्या चवीवरून. दुखणं लपवलं नाही तिने कधी, कंबर दुखली की सगळ्या मजल्याला ऐकू यायचं. फक्त हे एक लपवलं.

आणि गप्प राहिले तर? दोनशे बायका ते फिकं तिखलं खाणार आणि म्हणणार, एवढं ऐकलं होतं रत्नप्रभाबाईंबद्दल, ह्यात तर काही दम नाही. म्हणजे तुला पाडायला गेले तरी पडणार आईच.

मला मात्र माझं नाव हवं आहे, मधू. खोटं कशाला बोलू. एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं की हे नलिनीने केलं.

वही अजून उघडलेली नाही. भीती वाटते. त्यात आई तुझ्याशी बोलत असतील आणि मला पुन्हा उंबऱ्याच्या आतून ऐकावं लागेल.

—

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मधू,

हे पत्र मी पोस्टाने नाही, दिशाच्या हाती पाठवते आहे. सोबत तांदळाच्या डब्यातली दोन पत्रंही आहेत. त्यांना तांदळाचा भुसा लागलेला आहे, झटकून वाच. आधी ती वाच, मग हे. त्यात तुझ्याबद्दल जे जे लिहिलंय ते खरंच वाटत होतं मला, त्यामुळे खोडत नाही.

काल दुपारी वही उघडली. पहिली काही पानं तुझ्या अक्षरात, तुझ्या भाषेत. मग जुलैपासून तू आईंचं बोलणं जसंच्या तसं उतरवायला लागलीस, मालवणीत. शुद्धलेखन भयंकर आहे, पण आवाज त्यांचाच. मी मोठ्याने वाचत होते आणि स्वयंपाकघरात त्या बोलत होत्या. आधी मला राग आला, नेहमीसारखा. तुला केवढं सांगितलंय! वाटणात खोबरं कधी काळपट भाजायचं, पावसात मीठ ओलं झालं की माप कसं धरायचं, त्यांच्या आईने तिरफळाच्या झाडाखाली त्यांना कसं मारलं होतं. मला यातलं एक अक्षर माहीत नाही.

मग बांगड्याच्या तिखल्याचं पान आलं. शेवटची ओळ तू लाल पेनाने खोडली आहेस आणि समासात लिहिलंस, 'घरगुती बोलणं, गाळावं.' लाल रेघेखालचं वाचता येतं. तुझ्याच अक्षरात आहे:

'मगे झाकाण अर्धा ठेवूचा नि भायर जावचा. फुडचा नलू बघतली.'

पुढचं नलू बघेल.

मला वाटलं, वाढायचं बोलत असतील. तुलाही तसंच वाटलं असणार, म्हणून गाळलंस. पुढचं पान उलटलं. काळ्या वाटाण्यांचं सांबार, शेवटी तेच. कोलंबीचं सुकं, तेच. अळवाचं फतफतं, तेच. मी पेन्सिल घेऊन खुणा करत गेले. बावन्न ठिकाणी आहे, मधू. बावन्न ठिकाणी तू एकच ओळ खोडली आहेस. पहिला अर्धा भाग ठेवलास, त्याला मुरण्याची वेळ म्हणालीस, आणि दुसरा अर्धा भाग टाकून दिलास.

आणि सुरमईच्या कालवणाच्या पानावर तू स्वतःच एक प्रश्न लिहिला आहेस. आठवतो का? 'मी विचारलं, मीठ कमी नाही का पडत? आई हसल्या. म्हणाल्या, कमीच बरा. नलूचो हात जड आसा.' त्याच्यापुढे तू कंसात 'वहिनींची थट्टा' असं लिहिलंस.

ती थट्टा नव्हती गं.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आंबलेल्या वाटपाची कढई मी मुद्दाम सोडली, तेही त्यांना कळलं असणार, कारण मी कधी कढई सोडत नाही, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत होतं? त्या मुद्दाम कमी घालायच्या. मुद्दाम झाकण अर्धं ठेवायच्या, म्हणजे मला ते उचलताना आवाज होऊ नये. आणि मुद्दाम बाहेर जायच्या. मी आत बांगड्या दाबून चोरासारखं मीठ घालत होते आणि त्या गॅलरीत पाठ करून उभ्या राहत होत्या, माझं होईपर्यंत. तीन तुळशी कुजवल्या त्या बाईने माझ्यासाठी.

मी ओट्यापाशी खाली बसून रडले. दिशाचे बाबा घाबरले, त्यांना वाटलं बीपी. मी त्यांना काही सांगितलं नाही. तुलाच पहिलं सांगते आहे.

मला तोंडावर का नाही म्हणाल्या? एकदा तरी म्हणायचं होतं. तुला बावन्न वेळा सांगितलं, मला एकदाही नाही. याचाही मला हेवा वाटतो, हसू नकोस. पण त्या माझ्याशी बोलल्या असत्या तर त्यांना चव नाही हे आम्हा दोघींनाही बोलून दाखवावं लागलं असतं. मग त्यांनी तुझ्याकरवी वहीत लिहून ठेवलं असेल. किंवा नसेलही, सहज म्हणाल्या असतील. मला आता ते पहिलंच धरायचं आहे.

आता कामाचं. सोबतच्या फुलस्केपवर बावन्न पाककृतींचं मीठ आणि आंबट नव्याने लिहून दिलं आहे. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत बसून लिहिलं, चमच्यांतच, तुझ्या लोकांना कळेल असं. दुसऱ्या आवृत्तीत ते घाल. आईंना चव नव्हती ही गोष्ट पुस्तकात यायची नाही, स्टेजवर बोलायची नाही, सुबोधभावजींनाही सांगायची नाही. मापं का बदलली असं कुणी विचारलं तर म्हण, पहिल्या वेळी लेखिकेचं चुकलं. एवढं तू आईंसाठी सोस. कढई सांडल्याचं मी सोसलं होतं.

मुखपृष्ठावर नाव नको. पान अकरावरचं 'भाजी निवडून देत' मात्र काढून टाक, नाहीतर मी मुलुंडला येऊन प्रत्येक प्रतीतलं खोडीन. त्या जागी काय लिहायचं ते तू ठरव. तुला लिहिता येतं, हे मी नाइलाजाने मान्य करते.

त्या खोडलेल्या ओळी छापू नकोस. लोकांच्या घरात नलू कुठून येणार? आणि वही मी परत देणार नाही. मागायची नाही. हवी तर इथे येऊन वाच, माझ्यासमोर, उंबऱ्यावर बसून. तुझ्या वाटणीची जागा रिकामीच आहे.

रविवारी मी येते आहे. पहिल्या रांगेत नाही. गुडघ्यांना ती खुर्ची मानवत नाही, उभं राहणं मानवतं. बांगडे मी भांडुपच्या बाजारातून साफ करून आणते, तुझ्या नाकाला त्रास नको. फलकावर माझं नाव लिहिणार असाल तर पूर्ण लिहा, नलिनी श्यामसुंदर परब. नुसतं 'वहिनी' नको.

तू स्टेजवर पुढे उभी राहा, बोल, गावच्या गोष्टी सांग, तुला त्या येतात. तिखलं वहीतल्यासारखंच कर, मीठ कमीच घाल. कोथिंबीर दिसली तर मी परत जाईन. आणि शेवटी झाकण अर्धं ठेव आणि बाजूला हो.

पुढचं मी बघते.

तुझी,
नलू